दम्याचा खर्च नेमका कुठे होतो

प्रश्न इंदूरच्या सुदामा नगरातल्या एका मुलीचा आहे. आई ५२ वर्षांची, घरी डबे करून देते. दमा १२ वर्षांपासून. वडील नाहीत. भाऊ सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात कामाला, पगार १७ हजार. मुलगी स्वतः शिकते. आरोग्य विमा कुणाचाच नाही. डॉक्टरांची चिठ्ठी महिन्याला सुमारे २,२०० रुपयांची होते, म्हणून आई पंप ‘फारच झालं तर’ घेते. मागच्या महिन्यात रात्री दोन वाजता श्वास अडकला, घराजवळच्या नर्सिंग होममध्ये तीन दिवस काढावे लागले आणि बिल २८ हजार झालं. मुलीनं विचारलंय, ‘विमा नसताना दम्याचे उपचार परवडतील असा काही मार्ग आहे का?’

आहे. इंदूरमध्ये मी ३१ वर्षं छातीच्या आजारांचे रुग्ण पाहतोय आणि त्यातले बहुतेक विमा नसलेलेच असतात. म्हणून जरा लांबण लावून लिहितो.

आधी विम्याचाच प्रश्न बाजूला करतो, कारण त्यावरून जीव खूप खालीवर होतो. समजा विमा असता, तर ते २८ हजार बहुधा मिळाले असते. पण महिन्याचे २,२०० मिळाले नसते. आपल्याकडचा नेहमीचा आरोग्य विमा दवाखान्यात भरती झाल्यावरच कामी येतो. रोजचा पंप, दर तीन महिन्यांची तपासणी, डॉक्टरांची फी हे सगळं ज्याचं त्यालाच भरावं लागतं. आयुष्मान कार्डाचंही तसंच आहे. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, पण भरती असाल तर. भरतीआधीचे ३ दिवस आणि सुटीनंतरचे १५ दिवस त्यात धरलेले असतात, त्यापुढचा पंप तुमचाच. आता आईंसाठी नवा विमा काढायला गेलात, तर दमा ‘आधीपासूनचा आजार’ म्हणून धरला जाईल आणि त्यासाठी जास्तीत जास्त ३६ महिने थांबायला लावायची कंपनीला मुभा आहे. विमा काढू नका असं मी म्हणत नाही. पण दम्यात घर खचतं ते विम्याअभावी कमी आणि अटॅकमुळे जास्त. अटॅक येतो रोजचं औषध सुटल्यामुळे. आईंचे ते २८ हजार म्हणजे वर्षभराच्या औषधाहूनही जास्त पैसे आहेत, आणि ते औषधही २,२०० रुपयांचं असायची गरज नाही. ती चिठ्ठी कशी कमी होते ते पाहूया.

दम्यात श्वासनळ्यांच्या आतल्या अस्तराला सूज असते. सूज असते म्हणून त्या जराशा धुरानं, धुळीनं, थंड हवेनं आवळतात. साल्ब्युटामॉलचा पंप आवळलेले स्नायू सैल करतो, चार-पाच तास बरं वाटतं. सूज मात्र तशीच राहते. दूध उतू जायला लागलं की आपण फुंकर घालतो, साय खाली बसते. पण गॅस बारीक केला नाही तर पुढच्या मिनिटाला ते पुन्हा वर येणारच. साल्ब्युटामॉल ही फुंकर आहे. गॅस बारीक करायचं काम श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड करतं, म्हणजे ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन. बरं वाटत असतानाही ते रोज घ्यायचं असतं. जगभरातले दम्याचे डॉक्टर ‘गीना’ नावाची मार्गदर्शक तत्त्वं पाळतात. त्यांत २०१९ पासून स्पष्ट लिहिलेलं आहे की प्रौढांचा दमा नुसत्या साल्ब्युटामॉलवर ठेवू नये, कारण त्यानं तात्पुरता आराम पडतो, पण जोराच्या अटॅकचा आणि मृत्यूचा धोका कमी होत नाही. आईंचं नेमकं हेच झालंय. चिठ्ठीतलं सगळ्यात स्वस्त तेवढं चालू राहिलं आणि जे खरं लागत होतं ते बाटलीत राहिलं.

‘स्टेरॉइड’ म्हटलं की घरात सगळे दचकतात, म्हणून एक हिशेब सांगतो. पंपाच्या एका पफमध्ये साल्ब्युटामॉल १०० मायक्रोग्रॅम असतं. त्याचीच गोळी ४ मिलिग्रॅमची येते, म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅम. एक गोळी म्हणजे ४० पफ! शिवाय ती आधी पोटात, मग रक्तात, मग सगळ्या अंगभर जाऊन शेवटी फुफ्फुसात पोचते. म्हणून गोळी घेतली की हात थरथरतात, छाती धडधडते. स्टेरॉइडचंही तेच गणित आहे. पंपातलं मायक्रोग्रॅममध्ये आणि थेट श्वासनळीत, गोळीतलं मिलिग्रॅममध्ये आणि सगळ्या शरीरात. ज्याला लोक ‘शेवटची पायरी’ म्हणतात तो पंप खरं तर पहिली पायरी आहे. ‘पंपाची सवय लागते’ हे वाक्य मी रोज ऐकतो. लग्न ठरायच्या वयातल्या मुली पंप लपवतात, घरचेच लपवायला सांगतात. त्यातल्या काही जणी मला रात्री इमर्जन्सीत भेटल्या आहेत. ही भीती महाग पडते, पैशानंही आणि जिवानंही.

आता चिठ्ठी. तुम्ही तिच्यातली औषधं लिहून पाठवलीत हे फार बरं केलंत. ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलच्या (यंत्रातून श्वासात ओढायच्या) कॅप्सूल, साल्ब्युटामॉलचा पंप, मॉन्टेल्युकास्ट-लिवोसिट्रिझिनची गोळी, थिओफायलिनची गोळी, खोकल्याचं औषध, ॲसिडिटीची गोळी आणि एक टॉनिक. मी आईंना तपासलेलं नाही, त्यामुळे यातलं काय बंद करायचं ते त्यांचे डॉक्टरच ठरवतील. पण विचारायचं कसं ते सांगतो. ‘डॉक्टर, महिन्याला आमच्याकडून ६०० रुपयेच निघतील. यातलं कुठलं औषध काही झालं तरी चुकवायचं नाही?’ एवढंच विचारा. बहुतेक डॉक्टर रुग्णाच्या खिशाचं स्वतःहून विचारत नाहीत आणि रुग्ण संकोचानं सांगत नाही. मग घरी जाऊन घरचेच ठरवतात काय घ्यायचं आणि काय सोडायचं, आणि दर वेळी रोजचं स्टेरॉइडच सुटतं, कारण त्याचा गुण लगेच जाणवत नाही. मी स्वतः सुरुवातीची काही वर्षं ‘याला पंप परवडणार नाही’ असं मनाशी ठरवून गरीब माणसाला थिओफायलिनच्या गोळ्या लिहून देत असे. ते चूक होतं. न विचारता मीच ठरवून टाकत होतो.

माझ्या दृष्टीनं त्या यादीतलं न चुकवायचं औषध एकच, ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल. फॉर्मोटेरॉल काही मिनिटांत श्वासनळी सैल करतं आणि बारा तास टिकतं. त्यामुळे हाच एक पंप रोजचाही होतो आणि दम लागला तर तेव्हाही चालतो. फुंकरही तोच आणि गॅस बारीक करणाराही तोच. ‘गीना’नं प्रौढांसाठी पहिली पसंती या पद्धतीला दिली आहे. खर्चाच्या दृष्टीनं ही मोठी गोष्ट आहे, कारण दोनाऐवजी एकच पंप विकत घ्यावा लागतो. मात्र ही सोय फक्त फॉर्मोटेरॉलच्या जोडीची. साल्मेटेरॉल-फ्लुटिकासोनचा पंप असेल तर तो दम लागल्यावर वारंवार ओढायचा नाही, त्याचा असर उशिरा सुरू होतो. दिवसाला जास्तीत जास्त किती वेळा ओढायचा तेही डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्या.

मॉन्टेल्युकास्टची गोळी सर्दी-शिंकांची ॲलर्जी सोबत असेल तर कामाची असते, पण दम्यावरचा तिचा परिणाम पंपाच्या मानानं कमजोर आहे. काहींना तिच्यानं झोप उडते, उदास वाटतं, वाईट स्वप्नं पडतात. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२० मध्ये याबद्दल ठळक इशारा छापायला लावला. खोकल्याचं औषध आणि टॉनिक यांवरचे पैसे पंपाकडे वळवा असं मी माझ्या रुग्णांना सरळ सांगतो. खोकला सूज उतरली की जातो.

आता खरेदी. इथे लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात.

पंपाची किंमत कधीच डब्यावरून बघायची नाही, एका डोसवरून बघायची. समजा ३० कॅप्सूलची बाटली २४० रुपयांची आहे, तर एक कॅप्सूल ८ रुपयांची. सकाळ-संध्याकाळ एकेक घेतली तर बाटली १५ दिवसांत संपते, महिन्याला ४८० रुपये. त्याच औषधाचा १२० पफचा पंप समजा ४२० रुपयांचा आहे, तर एक पफ साडेतीन रुपयांचा, आणि दिवसाला दोन पफ धरले तर तो दोन महिने पुरतो. म्हणजे महिन्याला २१०. हे आकडे उदाहरणाचे आहेत, दुकानात जाऊन स्वतः भागाकार करा. पण चित्र बऱ्याचदा असंच निघतं. हातात मोठी रक्कम द्यावी लागते म्हणून पंप महाग वाटतो आणि सुटी बाटली स्वस्त, प्रत्यक्षात उलट असतं.

जनऔषधी केंद्रावर आधी चौकशी करा. ‘जनऔषधी सुगम’ या ॲपवर औषधाचं मूळ नाव टाकलं की किंमत आणि जवळचं केंद्र दोन्ही दिसतं. मूळ नाव हवं म्हणून डॉक्टरांना विनंती करायची की ब्रँडसोबत घटक आणि मात्रा सुवाच्य अक्षरात लिहा, जसं ‘ब्युडेसोनाइड २०० + फॉर्मोटेरॉल ६’. हे लिहिलेलं नसेल तर दुकानदार आपल्या मनानं बदलून देऊ शकत नाही, आणि देऊही नये. केंद्रावर पंप दर वेळी मिळेलच असं नाही. आला की दोन महिन्यांचा घ्या, मुदतीची तारीख पाहून.

तिथे नसेल तर दवा बाजार, म्हणजे औषधांची घाऊक बाजारपेठ. इंदूरकरांना वेगळं सांगायला नको. पण तिथे एक गोष्ट लक्षात ठेवा. जेनेरिक म्हणून जे विकलं जातं त्यावर छापील किंमत अनेकदा भरमसाट असते आणि खरी विक्री त्याच्या अर्ध्यात किंवा तिसऱ्या हिश्श्यात होते. तेव्हा ‘किती टक्के सूट’ हा प्रश्नच चुकीचा. ‘शेवटी किती द्यायचे आणि आत किती डोस’ हे विचारा आणि बिल घ्या. साल्ब्युटामॉल, ब्युडेसोनाइड आणि ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल ही अत्यावश्यक औषधांच्या २०२२ च्या राष्ट्रीय यादीत आहेत, म्हणजे त्यांची कमाल किंमत सरकार ठरवून देतं. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुना छापील डबा असेल तर बिलात नवा दर लागलाय की नाही ते बघायचा तुम्हाला हक्क आहे.

सरकारी दवाखान्यांबद्दल आपल्या मराठी मध्यमवर्गात एक संकोच असतो. महाराजा यशवंतराव, म्हणजे एमवाय रुग्णालयाचं नाव काढलं की ‘एमवायला कोण जाणार’ असं म्हणतात. मी एमजीएम मेडिकल कॉलेजात शिकलो, एमवायच्या वॉर्डात उभं राहून दमा शिकलो, म्हणून मनापासून सांगतो, दम्यासारख्या आजाराला ती जागा चांगली आहे. छातीच्या विकारांसाठी कॉलेजशी जोडलेलं मनोरमा राजे टीबी हॉस्पिटल आहे. नावात टीबी आहे म्हणून बिचकू नका, दम्याचे रुग्णही तिथे पाहिले जातात. रांग असते. सकाळी लवकर पोचा, डबा-पाणी घेऊन जा, आधार कार्ड आणि समग्र आयडी (मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक) जवळ ठेवा, जुन्या चिठ्ठ्या नि एक्स-रे एका पिशवीत. स्पायरोमेट्री एकदा तिथे करून घ्या. ही फुंकण्याची तपासणी आहे, तिच्यात आजार दमाच आहे की आणखी काही ते कळतं. बारा वर्षांत आईंची ही तपासणी झालेली दिसत नाही. माझ्याकडे ‘दमा’ म्हणून आलेल्या बायकांमध्ये कुणाचं हृदय थकलेलं निघालं, कुणाची फुफ्फुसं चुलीच्या धुरानं कायमची आखडलेली निघाली. चुकीच्या आजाराचं औषध कितीही स्वस्त मिळालं तरी ते महागच.

मध्य प्रदेशात २०१२ पासून सरदार वल्लभभाई पटेल निःशुल्क औषधी वितरण योजना आहे. सरकारी दवाखान्यात लिहिलेली जेनेरिक औषधं तिथल्याच खिडकीवर मोफत मिळतात. औषध शिल्लक नसेल तर खिडकीवरून परत फिरू नका. डॉक्टरांकडे जाऊन ‘यातलं नाही, त्याच कामाचं दुसरं कुठलं आहे’ असं विचारा. ब्युडेसोनाइडची जोडी नसेल पण साधं ब्युडेसोनाइड असेल, तर तेही चालतं. वस्तीतल्या संजीवनी क्लिनिकमध्ये तपासणी आणि साधी औषधं मिळतात, तिथे सगळे पंप मिळतीलच असं धरून जाऊ नका. आणि प्रत्येक वेळी तिष्ठत बसायला नको असेल तर ई-संजीवनीवर फोनवरून सरकारी डॉक्टरांचा सल्ला मोफत मिळतो. चिठ्ठी पुढे चालू ठेवायला तेवढं पुरतं.

आता तुमच्या पत्रातली एक ओळ, जी वाचून मी थांबलो. भाऊ कारखान्यात, पगार १७ हजार. त्याच्या पगारपत्रकात ‘ईएसआय’ म्हणून कपात आहे का ते आजच पाहा. १० किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात महिना २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्याचा कर्मचारी राज्य विमा निघायलाच हवा. त्यात कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के जातात. म्हणजे भावाचे महिन्याला साधारण सव्वाशे रुपये कदाचित आधीच कापले जात असतील, आणि घरात कुणाला पत्ताही नसेल! या विम्यात कामगारावर अवलंबून असलेले आई-वडीलही येतात. आईंचं स्वतःचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असायला हवं, डब्यांच्या हिशेबात ते तपासा. आणि यात भरतीसोबत रोजची तपासणी आणि रोजची औषधंही मिळतात. इंदूरमध्ये नंदा नगरला ईएसआयचं मोठं रुग्णालय आहे. कपात होत असेल तर भावाच्या ई-पहचान कार्डावर आईंचं नाव चढवून घ्या. कपात होत नसेल आणि व्हायला हवी असेल, तर भावानं कारखान्यात शांतपणे पण लेखी विचारावं. ज्या घरांना वाटतं आपल्याकडे विमा नाही, त्यांतल्या कितीतरी घरांत हा विमा कपाटात पडून असलेला मी पाहिलाय.

आयुष्मान कार्डाची पात्रताही १४५५५ वर फोन करून एकदा विचारा. रोजच्या औषधाला नाही, पण पुन्हा भरती व्हायची वेळ आलीच तर. ७० वर्षं आणि त्यापुढच्या माणसांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट नाही, घरात आजी असतील तर त्यांचं काढून ठेवा.

औषध मिळालं, पण ओढता आलं नाही तर सगळं वाया. मी चिठ्ठी लिहिण्याआधी प्रत्येकाला ‘माझ्यासमोर घेऊन दाखवा’ म्हणतो. बारा-बारा वर्षं पंप वापरणारे दाखवतात तेव्हा निम्मं औषध जिभेवर बसलेलं असतं. कॅप्सूलचं यंत्र असेल तर आधी श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, पण यंत्रात नाही, बाजूला तोंड करून. मग ओठ घट्ट मिटून जोरात, खोल, एका दमात ओढायचं. दाबायचा पंप असेल तर उलट, ओढायला लागतानाच एकदा दाबायचं आणि सावकाश ओढत राहायचं. दोन्हींत ओढल्यावर दहापर्यंत आकडे मोजत श्वास धरायचा आणि नंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात. पावसाळ्यात कॅप्सूलच्या बाटलीचं झाकण उघडं राहिलं की पावडर दमट होऊन चिकटते, स्वयंपाकघरात तर ती ठेवूच नका. दाबायच्या पंपावर आकडा दिसत नसेल तर उघडला त्या दिवशी मार्करनं तारीख लिहा आणि डोस मोजून कधी संपेल तेही लिहा. पाण्यात टाकून तरंगतो का ते बघायची पद्धत चुकीची आहे. औषध संपल्यावरही नुसता गॅस फसफसत राहतो आणि माणूस महिनाभर रिकामा पंप ओढतो.

दाबायच्या पंपाला स्पेसर लागतो, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी. विकतचा परवडत नसेल तर अर्ध्या लिटरची पाण्याची प्लास्टिक बाटली घ्या. तिच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडा. तार त्या आकारात वाकवून, तापवून टेकवली की नेमकं पडतं. पंप त्यात घट्ट बसवा, फट राहिली तर चिकटपट्टी लावा आणि बाटलीच्या तोंडाला ओठ लावा. हा नुसता जुगाड नाही. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या डॉक्टरांनी लहान मुलांवर तो तपासून १९९९ मध्ये प्रसिद्ध केला आणि तो विकतच्या स्पेसरइतकाच उपयोगी ठरला. बाटली भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यात बुडवून, न पुसता वाळवायची. पुसली तर आत विजेचा भार येऊन औषध भिंतीला चिकटतं. एका वेळी एकच पफ, आणि चार-पाच संथ श्वास. त्यामुळे नेब्युलायझर विकत घ्यायचा विचार असेल तर तो सोडून द्या. घरी अचानक दम लागला तर स्पेसरमधून दिलेला पंप तितकंच काम करतो.

पैसे नाहीत म्हणून लोक जिकडे वळतात त्याबद्दलही लिहायला हवं. कोजागरीच्या रात्री खिरीतून दम्याचं औषध द्यायची प्रथा आपल्या भागात जुनी आहे. श्रद्धा असेल तर खीर खा, मी कुणाला अडवत नाही. पण ‘आता इंग्रजी औषध बंद करा’ असं कुणी सांगितलं तर ते ऐकू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा बदलते, सोयाबीन निघत असतं, दिवाळीची झाडझूड आणि फटाके तोंडावर असतात. नेमक्या त्याच दिवसांत सूजेवरचं औषध थांबवलेले रुग्ण आमच्याकडे येतात. दुसरी गोष्ट पुड्यांची. नाव नसलेली पावडर, घेतल्याबरोबर चमत्कार झाल्यासारखं बरं वाटतं, भूक वाढते, दोन-तीन महिन्यांत चेहरा गोल होतो. अशा पुड्यांत बहुधा स्टेरॉइडची गोळी कुटलेली असते, तीही मिलिग्रॅममध्ये. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो. आई असं काही महिनोन्महिने घेत असतील तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना पुडी दाखवा. शरीर त्या स्टेरॉइडवर अवलंबून झालेलं असतं, अचानक थांबवणं धोक्याचं आहे.

आईंच्या डब्यांच्या कामात फोडणीचा धूर हा रोजचा शत्रू आहे. काम सोडा म्हणणं सोपं आणि निरुपयोगी. मिरचीची फोडणी आणि मसाला भाजणं एकाच वेळी, खिडकी उघडून, पंखा बाहेरच्या दिशेनं लावून उरकायचं, आणि शक्य असेल तर ते काम तुम्ही किंवा भावानं अंगावर घ्यायचं. डासांची कॉइल आणि बंद खोलीतली धूप-उदबत्ती थांबवा. रंगपंचमीला राजवाड्याच्या गेरीत, म्हणजे मिरवणुकीत, गुलालाचे ढग उडतात, त्या दिवशी आईंनी घरीच थांबावं. एप्रिलमध्ये गव्हाची नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेले खुंट, जळतात तेव्हा खिडक्या संध्याकाळी लावून घ्या. यातलं काहीच पंपाची जागा घेत नाही, पण पंप कमी लागतो. तीनेक महिने दमा पूर्ण काबूत राहिला, रात्री जाग आली नाही, तर डॉक्टरांना ‘मात्रा कमी करता येईल का’ असं विचारता येतं. तेव्हा खर्च आणखी उतरतो.

आणि तरीही अटॅक आला तर? एक वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ काळेनिळे दिसत असतील, मानेचे स्नायू ओढले जात असतील, किंवा पंपाचा परिणाम तासभरही टिकत नसेल, तर १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत आईंना बसतं ठेवा, आडवं करू नका. स्पेसरच्या बाटलीतून साल्ब्युटामॉलचे ४ ते १० पफ एकेक करून द्या आणि गरज असेल तर २० मिनिटांनी पुन्हा. रात्री दोन वाजता ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणू नका. पैसे नाहीत म्हणून इमर्जन्सीतला प्राथमिक उपचार कुठलाही दवाखाना, सरकारी असो वा खासगी, नाकारू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच तसं सांगितलेलं आहे. तिथे श्वास सावरला की पुढच्या भरतीसाठी एमवायला हलवायची मागणी तुम्ही करू शकता. मागच्या वेळी हे कुणी सांगितलं असतं तर त्या २८ हजारांतले बरेच वाचले असते.

या आठवड्यात एवढं करा. भावाचं पगारपत्रक पाहा. डॉक्टरांना ६०० रुपयांचा प्रश्न विचारा आणि घटकांची नावं लिहून घ्या. जनऔषधीत आणि दवा बाजारात एका डोसचा भाव काढा. एका सकाळी आईंना मनोरमा राजेला स्पायरोमेट्रीसाठी न्या. त्या दिवशी घरात असतील नसतील ते सगळे पंप, रिकामे सुद्धा, आणि उरलेल्या सगळ्या गोळ्या-पुड्या पिशवीत घालून सोबत घ्या, आणि तिथल्या डॉक्टरांसमोर आईंना पंप ओढून दाखवायला सांगा.